कुटुंबासाठी घर : सदनिकांच्या किमान मानकांचा पुनर्विचार

(तंजावर येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर राजराज चोळाच्या काळातील एक विस्तृत शिलालेख आहे. मंदिराच्या सेवेसाठी निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या ४०० स्त्रियांची ती यादी आहे. प्रत्येकीचे नाव आणि तिला मिळालेले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीत कितवे आहे, याची तीत नोंद आहे. घराबरोबरच उदरनिर्वाहासाठी दरवर्षी १०० कलम भाताचा वाटाही ठरवून दिलेला आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीची ही नोंद म्हणजे एका अर्थाने गृहवाटपाची यादीच होय. तीत लाभधारकाचे नाव आहे, पत्ता आहे, उत्पन्नाची तरतूद आहे. घर किती मोठे होते, हे मात्र नाही.

आज आपल्या याद्यांमध्ये क्षेत्रफळाचा रकाना आला आहे. तरीही गृहनिर्माणाची चर्चा बहुतांशी संख्येभोवती फिरते. किती घरे मंजूर झाली, किती पूर्ण झाली, किती निधी वितरित झाला, हे आपण विचारतो. त्या घरात किती माणसे राहतात, मुलांना अभ्यासाला जागा आहे काय, आजारी माणसाला वेगळे निजता येते काय, हे प्रश्न मागे पडतात. आज या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : जमिनीवरचे घर कुटुंबाबरोबर वाढू शकते, सदनिका वाढू शकत नाही. म्हणून सदनिकेचे किमान मानक वेगळे आणि अधिक उदार असावयास हवे, आणि ते घरटी न मोजता माणशी मोजावयास हवे.

या विचारासाठी तंजावर हे योग्य ठिकाण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २,२२,९४३ होती. २०१४ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि २०१६ मध्ये शहराची स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली. महानगरांत जे अगोदरच बांधून झाले आहे, ते अशा मध्यम आकाराच्या शहरांत अजून बांधावयाचे आहे. महानगरांच्या चुका टाळण्याची संधी त्यांना आहे.

टंचाई घरांची की खोल्यांची?

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी, २०१२ मध्ये, केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने देशातील शहरी घरटंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार असल्याचा अंदाज दिला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा आकडा परिचित आहे. त्याची फोड अधिक महत्त्वाची आहे. यांपैकी बेघर कुटुंबे ५ लाख ३० हजार, वापरण्यास अयोग्य कच्च्या घरांतील कुटुंबे ९ लाख ९० हजार आणि जीर्ण घरांतील कुटुंबे २२ लाख ७० हजार होती. उरलेली १ कोटी ४९ लाख ९० हजार, म्हणजे सुमारे ८० टक्के कुटुंबे, दाटीच्या घरांतील होती. विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे, ही दाटीची मुख्य कसोटी मानण्यात आली होती.

याचा अर्थ स्पष्ट आहे. टंचाईत मोजलेल्या प्रत्येक पाचांपैकी चार कुटुंबांना डोक्यावर छप्पर होते. कमतरता खोल्यांची होती. २०११ च्या जनगणनेचे आकडेही हेच सांगतात. देशातील ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती आणि ३.९ टक्के कुटुंबांना स्वतःची अशी एकही स्वतंत्र खोली नव्हती. त्याच जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी असल्याचीही नोंद झाली. दाटी आणि रिकामी घरे एकाच वेळी असू शकतात, कारण रिकामे घर ज्या किमतीत व ज्या ठिकाणी आहे, तेथे दाटीतले कुटुंब पोहोचू शकत नाही.

दाटीचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहनिर्माण व आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत घरातील दाटी कमी करण्याची स्पष्ट शिफारस केली आहे. क्षयरोगासारखे श्वासावाटे पसरणारे रोग आणि दाटी यांचा संबंध प्रस्थापित आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमाने झोपडवस्तीची व्याख्या करताना एका खोलीत तीनांहून अधिक माणसे नसावीत, ही कसोटी धरली आहे.

एका खोलीचे शतक

मराठी कुटुंबांना एका खोलीचा संसार नवीन नाही. मुंबईत १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, शिवडी व आजचा ना. म. जोशी मार्ग येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. 'बीडीडी चाळी' या नावाने त्या ओळखल्या जातात. तेथील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे जेमतेम १५ चौरस मीटरची, शौचालये सामाईक. गिरणीत कामाला आलेल्या एकट्या-दुकट्या कामगाराला ती कदाचित पुरत असेल. पुढे गावाहून त्याचे कुटुंब आले, मुले झाली, मुलांची लग्ने झाली. खोली तेवढीच राहिली.

या चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिका देण्याचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. १९२० च्या दशकात ठरलेले एक मानक बदलण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. सार्वजनिक गृहनिर्माणात केलेली काटकसर किती दीर्घकाळ टिकते, याचे हे बोलके उदाहरण होय. धोरण पाच वर्षांत बदलता येते, सबसिडीची रक्कम पुढील अर्थसंकल्पात वाढवता येते. काँक्रीटच्या भिंती मात्र सहजासहजी सरकत नाहीत.

मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाचा अनुभवही अभ्यासण्याजोगा आहे. पुनर्वसनाच्या सदनिकेचे क्षेत्रफळ १९९० च्या दशकात १८० व नंतर २२५ चौरस फूट होते. २००८ मध्ये ते २६९ झाले आणि मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीने ते ३०० चौरस फुटांवर नेले. प्रत्येक वाढ स्वागतार्हच. परंतु प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातील कुटुंबे जुन्याच आकारात अडकून राहिली, हे विसरता येत नाही.

तंजावरचे जुने घर आणि कावेरीच्या खोऱ्यातील झोपडी

तंजावर, कुंभकोणम व आसपासच्या गावांतील अग्रहारांची घरे आपण पाहिली असतील. दर्शनी बाजू अरुंद, खोली मात्र पुष्कळ; दोन घरांमध्ये सामाईक भिंत. रस्त्यालगत 'तिण्णै', म्हणजे आपला ओटा. आत 'कूडम', म्हणजे माजघराच्या जागी असलेला मोठा दालनवजा भाग. त्याला लागून आकाशाकडे उघडा 'मुट्रम', म्हणजे चौक. मागे स्वयंपाकघर, विहीर व परसू. मराठ्यांचे राज्य तंजावरला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि १८५५ पर्यंत टिकले. महाराष्ट्रातील वाड्याशी परिचय असलेल्या माणसाला हे घर परके वाटण्याचे कारण नव्हते.

या घराची रचना उष्ण व दमट हवामानाला साजेशी आहे. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि दाटीच्या ओळीतील मधल्या घरालाही उजेड मिळतो. ओटा हा घर आणि रस्ता यांमधला दुवा असतो. म्हाताऱ्या माणसांची बैठक आणि मुलांचे खेळणे तेथेच होते. कूडममध्ये दिवसा पंगत बसते आणि रात्री अंथरुणे पडतात. एकाच जागेचे अनेक उपयोग होत असले तरी स्वयंपाक, निजणे आणि पाहुण्यांची ऊठबस यांना स्वतंत्र जागा आहे.

मात्र या घराचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ते सर्वांचे घर नव्हते. ज्यांच्या श्रमावर कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती उभी होती, ते शेतमजूर जमीनमालकाच्या जागेवर, झावळ्यांच्या वा गवताच्या छपराखाली राहत. मालकाची मर्जी फिरली की जागा जाई. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील, आता नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून झालेल्या हल्ल्यात एका झोपडीत आश्रयाला गेलेली ४४ दलित माणसे जाळून मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. पुढे १९७१ मध्ये तमिळनाडूने 'कुडियिरुप्पु' कायदा केला. शेतमजूर व ग्रामीण कारागीर ज्या जागेवर घर करून राहत होते, त्या जागेची मालकी या कायद्याने त्यांना मिळाली.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक अधिकार समितीने १९९१ मध्ये 'पुरेशा घरा'चे सात निकष सांगितले. वास्तव्याची कायदेशीर सुरक्षितता, पाणी-शौचालयादी सेवा, परवडणारा खर्च, राहण्यायोग्यता, सर्वांना सुलभता, योग्य ठिकाण आणि सांस्कृतिक अनुरूपता, असे ते निकष आहेत. यांपैकी पहिल्या निकषाचे महत्त्व तंजावरच्या खोऱ्याने समितीच्या कितीतरी आधी जाणले होते.

किमान मानकांचे आकडे

आता आजच्या मानकांकडे वळू. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. संहितेच्या सर्वसाधारण तरतुदींनुसार राहण्याची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर व २.४ मीटर रुंद असावी. दोन खोल्या असतील तर दुसरी किमान ७.५ चौरस मीटर असावी. स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि एकत्र स्नानगृह-शौचालय किमान २.८ चौरस मीटर असावे. खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी या मापांत सवलती दिलेल्या आहेत.

या आकड्यांची बेरीज करून पाहा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्नानगृह-शौचालय मिळून २४.८ चौरस मीटर होतात. आतील भिंती, येण्याजाण्याची जागा आणि सामान ठेवण्याची सोय धरली की ३० चौरस मीटर लागतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) आर्थिक दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत ठरवले गेले, त्यामागील हिशेब यावरून उलगडतो. ग्रामीण योजनेत २०१६ पासून किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले. शहरी योजनेचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्राची घरे बसतात.

तमिळनाडूच्या ग्रामीण योजनांतही हाच क्रम दिसतो. झोपड्यांच्या जागी पक्की घरे देण्याच्या २०१० च्या योजनेतील घर २०० चौरस फुटांचे होते. २०११-१२ पासूनच्या सौर दिव्यांच्या हरित घर योजनेत ते ३०० चौरस फूट झाले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'कलैग्नार कनवु इल्लम' योजनेत ते ३६० चौरस फूट आहे आणि २०३० पर्यंत अशी आठ लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ मधील 'गाजा' चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांतील झोपड्यांची जी वाताहत केली, ती पाहता पक्क्या छपराची निकड वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

या सर्व मानकांत एक उणीव समान आहे. दोन माणसांच्या कुटुंबाला जे घर, तेच सहा माणसांच्या कुटुंबाला. ३० चौरस मीटर घरात पाच माणसे राहिली तर माणशी ६ चौरस मीटर जागा येते. त्यातच चूल, न्हाणी आणि शौचालय. याउलट इंग्लंडमध्ये २०१५ पासूनच्या राष्ट्रीय जागा-मानकात घराचे क्षेत्र रहिवाशांच्या संख्येवर ठरते. एका माणसाच्या सदनिकेला ३९ चौरस मीटर (आंघोळीच्या टबाऐवजी शॉवर असल्यास ३७) आणि दोन शयनगृहांच्या, चार माणसांच्या सदनिकेला ७० चौरस मीटर. त्यांचे आकडे आपल्याला झेपणारे नाहीत आणि ते जसेच्या तसे आणण्याची गरजही नाही. घ्यावयाची आहे ती मोजण्याची पद्धत.

सदनिका आणि जमिनीवरचे घर यांतील फरक

गावातील २५ चौरस मीटरचे घर आणि शहरातील चौथ्या मजल्यावरची ३० चौरस मीटरची सदनिका यांची तुलना करताना केवळ आकडे पाहून चालणार नाही. गावातल्या घराला पुढे अंगण, मागे परसू असते. मुलाचे लग्न झाले की एक खोली काढता येते, पडवी घालता येते, पैसा आला की वर मजला चढवता येतो. सदनिकेला चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती असतात. पहिल्या दिवशीचे क्षेत्रफळ हेच तिचे अखेरचे क्षेत्रफळ असते. जमिनीवरच्या घराचे किमान मानक ही सुरुवात असते. सदनिकेच्या बाबतीत तीच कमाल मर्यादा होऊन बसते.

तमिळनाडूला वाढत्या घराचा अनुभव जुना आहे. १९७७ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मद्रास नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. अरुम्बाक्कम, विल्लिवाक्कम व कोडुंगैयूर येथे लहान-मोठे भूखंड, रस्ते, पाणी व शौचालयाची मूलभूत सोय करून देण्यात आली. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावयाचे होते. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी हीच कल्पना अधिक विकसित केली. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. अशा वसाहती आरंभी अपुऱ्या दिसल्या तरी कालांतराने त्या नांदत्या वस्त्या झाल्या, असे नंतरच्या पाहण्यांत आढळून आले.

मध्यम शहरांत जेथे जमीन अद्याप तुलनेने उपलब्ध आहे, तेथे हा मार्ग आधी तपासावा. जेथे सदनिकांशिवाय गत्यंतर नाही, तेथे वाढ न होण्याची भरपाई आरंभीच अधिक जागा देऊन करावी, हे न्याय्य ठरेल.

मोजणी कशाची?

घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची अडचण निराळी असते. जाहिरातीत एक क्षेत्रफळ, करारात दुसरे आणि प्रत्यक्षात तिसरे, असा अनुभव अनेकांनी घेतला आहे. 'सुपर बिल्टअप' या शब्दाखाली जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार, सर्व काही ग्राहकाच्या माथी मारले जाई. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने यात शिस्त आणली. कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली : बाहेरच्या भिंती, सेवानलिकांची जागा, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून, परंतु आतील भिंती धरून, प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. प्रवर्तकाने चटई क्षेत्र जाहीर करणे बंधनकारक झाले. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

तथापि हा कायदा सांगितलेले क्षेत्र खरे आहे काय, एवढेच पाहतो. ते क्षेत्र कुटुंबाला पुरेसे आहे काय, हे तो पाहत नाही. ५० चौरस मीटरच्या घरात वेडेवाकडे कोपरे आणि लांब बोळ असतील, तर ४५ चौरस मीटरचे नीट आखलेले घर अधिक उपयोगी पडते. म्हणून करारपत्रात एकूण चटई क्षेत्राबरोबर प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी आणि खिडकीचे माप देणे सक्तीचे व्हावे.

उजेड, वारा आणि आरोग्य

क्षेत्रफळ वाढले म्हणजे घर आपोआप राहण्यायोग्य होत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात खोलीच्या खिडक्यांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावे. उष्ण-कोरड्या हवामानात एक-दशांश चालते. तंजावरमधील ९.५ चौरस मीटरच्या खोलीला या हिशेबाने सुमारे १.६ चौरस मीटर खिडकी हवी. पण ती खिडकी तीन मीटरवरच्या दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत असेल, तर मापाची पूर्तता होऊनही उजेड येत नाही.

मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात हेच दिसून आले. इमारतींमधील अंतर अत्यल्प असलेल्या वसाहतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, सूर्यप्रकाश व वायुवीजन अपुरे होते आणि क्षयरोगाचे प्रमाण अधिक होते. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाच्या आरोग्याचा प्रश्न सुटला नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलले. मुट्रम असलेल्या जुन्या घराने हा प्रश्न भिंती सामाईक ठेवूनही सोडवला होता. नव्या इमारतींत मध्यवर्ती चौक, दोन्ही बाजूंनी वारा घेणारी मांडणी, खिडकीवर खोल छज्जा आणि प्रत्येक मजल्यावर बसण्यापुरता सामाईक ओटा देता येणे अशक्य नाही.

कुंभकोणमचा धडा

मानके कागदावर असणे आणि पाळली जाणे यांतील अंतर तंजावर जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील शाळेच्या इमारतीला आग लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. ज्वालाग्राही गवती छप्पर, एकाच जागी कोंबलेले वर्ग आणि अरुंद जिना ही कारणे नंतर पुढे आली. नियम अस्तित्वात नव्हते असे नाही. तपासणी करणारी नजर नव्हती. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला. सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे त्यात म्हटले आणि शाळांना इमारत संहितेतील सुरक्षा मानके लागू करण्याचे निर्देश दिले.

शाळेबाबतचे हे तत्त्व घरालाही लागू पडते. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या १९९५ च्या निकालात न्यायालयाने निवाऱ्याच्या अधिकारात पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, स्वच्छ परिसर, पुरेसा प्रकाश, शुद्ध हवा व पाणी, वीज व स्वच्छता यांचा समावेश केला. अर्थात, निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे. २८ जून २०१४ रोजी चेन्नईजवळच्या मौलिवाक्कम येथे बांधकाम सुरू असलेली ११ मजली इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. कायद्यातला शब्द आणि बांधकामावरची प्रत्यक्ष देखरेख यांतील दरी त्या घटनेने पुन्हा दाखवून दिली.

येथे एक घटनात्मक मुद्दा लक्षात ठेवावा. राष्ट्रीय इमारत संहिता आपोआप बंधनकारक नसते. जमीन व स्थानिक शासन हे राज्यसूचीतील विषय असल्यामुळे राज्याने वा स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत स्वीकारल्यावरच तिची अंमलबजावणी होते. तमिळनाडूचे एकत्रित विकास व इमारत नियम २०१९ मध्ये लागू झाले. संहिता १५ मीटर व त्यावरील इमारतीला उंच इमारत मानते. तमिळनाडूच्या नियमांत ही मर्यादा १८.३० मीटर आहे. अशा फरकांमागे स्थानिक कारणे असू शकतात, परंतु अग्निसुरक्षेच्या तरतुदी त्यांवर अवलंबून असल्याने ते जाणीवपूर्वक तपासले गेले पाहिजेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत जमिनीच्या वापराचे व इमारत बांधकामाचे नियमन नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आहे. ते पार पाडण्यासाठी पुरेसे अभियंते व नगररचनाकार त्यांच्याकडे आहेत काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

मानके उंचावली तर घर महाग होईल काय?

या विचाराला एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. किमान क्षेत्र वाढवले की घराची किंमत वाढते. जे कुटुंब ३० चौरस मीटरचे घर कसेबसे घेऊ शकत होते, ते ४० चौरस मीटरचे घर घेऊ शकत नाही. परिणामी ते अनधिकृत वस्तीकडे ढकलले जाते, जेथे कोणतेच मानक नसते. त्याच निधीत शासनालाही कमी घरे बांधता येतात.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तर मानक खाली आणणे हे नव्हे. पहिली गोष्ट, घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो. शासकीय जमिनीवर किंवा मध्यम शहरांत हा वाटा आटोक्यात ठेवता येतो. दुसरी गोष्ट, पायाभूत सोयी, जिना, पाया आणि नळजोडणी यांचा खर्च ३० चौरस मीटरच्या घराला जेवढा, जवळपास तेवढाच ४० चौरस मीटरच्या घराला येतो; त्यामुळे क्षेत्रफळ जितके वाढते त्या प्रमाणात खर्च वाढत नाही. तिसरी गोष्ट, भाड्याच्या घरांची सोय वाढली तर लहान कुटुंबाने लहान घरात राहावे आणि कुटुंब वाढल्यावर मोठ्या घरात जावे, हे शक्य होते. एकदा मिळालेल्या मालकीच्या लहान सदनिकेतच आयुष्य काढण्याची सक्ती राहत नाही.

आणि शेवटी, लहान घराचा खर्च वाचत नाही, तो केवळ दुसरीकडे जातो. आजारपणाच्या रूपाने तो कुटुंबाच्या खिशातून जातो, अभ्यास सुटलेल्या मुलाच्या रूपाने तो पुढच्या पिढीत जातो आणि पुनर्विकासाच्या रूपाने कधीतरी शासनाकडेही परत येतो.

पुढील दिशा

या विवेचनातून काही सूचना पुढे ठेवतो.

१. सार्वजनिक निधीतून बांधल्या जाणाऱ्या सदनिकांसाठी किमान मानक कुटुंबाच्या सदस्यसंख्येवर ठरवावे. चार वा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला दोन स्वतंत्र खोल्यांसह सुमारे ४० चौरस मीटर चटई क्षेत्र देणे शहरी आवास योजनेच्या २०२४ च्या मर्यादेत बसते.

२. एकाच इमारतीत लहान व मोठ्या सदनिकांचे मिश्रण असावे आणि वाटप कुटुंबाच्या आकारानुसार व्हावे.

३. इमारतींमधील अंतर ठरवताना सर्वांत खालच्या मजल्याला मिळणारा सूर्यप्रकाश ही कसोटी धरावी.

४. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी बांधकामाच्या गुणवत्तेची व अग्निसुरक्षेची स्वतंत्र यंत्रणेकडून तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल रहिवाशांना मिळावा.

५. देखभालीसाठी आरंभापासून निधी राखून ठेवावा. तमिळनाडूच्या २०२२ च्या सदनिका मालकी कायद्याने रहिवासी संघटनांना जे स्थान दिले आहे, त्याचा उपयोग यासाठी करता येईल.

६. गृहनिर्माण योजनांच्या प्रगती अहवालात घरांच्या संख्येबरोबर खोल्यांची संख्या आणि त्यांत राहणाऱ्या माणसांची संख्या नोंदवावी.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. शहरी घरटंचाईवर प्रश्न आला, तर १ कोटी ८७ लाख ८० हजार हा आकडा लिहून थांबू नका. त्यातील ८० टक्के कुटुंबांना घर होते आणि तरीही ती टंचाईत का मोजली गेली, हे स्पष्ट करा. उद्या आपल्यापैकी काहीजण महानगरपालिकेत, जिल्हा प्रशासनात किंवा गृहनिर्माण खात्यात अधिकारी होतील. एखाद्या प्रकल्पाचा नकाशा मंजुरीसाठी समोर येईल. त्यावर सही करण्यापूर्वी पाच माणसांचे कुटुंब त्या नकाशात मनाने वसवून पाहावे : रात्री कोण कोठे निजेल, परीक्षेच्या दिवसांत मुलगी दिवा कोठे लावेल, आजी बाहेर कोठे बसेल. यांतील एखाद्या प्रश्नाचे उत्तर नकाशात सापडले नाही, तर तो नकाशा परत पाठवण्यास ते कारण पुरेसे समजावे.